शंभर मायक्रोलिटरची कुपी

शंभर मायक्रोलिटर म्हणजे किती, हे मायक्रोताईंना आजवर बऱ्याच जणांना समजावून सांगावं लागलं होतं, आणि ऐकून झाल्यावर प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला होता, "एवढंसंच?" हो, एवढंसंच. मोठाले दोन थेंब. डोळ्यात औषध घालताना जेवढं गालावर ओघळून वाया जातं, तेवढं. पण या दोन थेंबांसाठी ताईंनी दोन महिने वाट पाहिली, सहा सह्या गोळा केल्या, आणि शेवटी भर कचेरीत जे केलं ते आठवलं की त्यांचे कान अजून गरम होतात.

मायक्रोताई हे नाव प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. ताई एकोणीस वर्षं तिथे तांत्रिक अधिकारी होत्या. हातात थेंब मोजायचं पिपेट असलं की त्यांचा हात कधी थरथरला नाही, आवाज कधी चढला नाही. घरी त्या चहात साखरही सपाट चमच्यानं घालत, उंचवटा बोटानं सारखा करून. त्यांचे मिस्टर पाहुण्यांना सांगत, "आमच्याकडे चहा रोज सारखा होतो. चांगला होतो असं नाही म्हणत मी. सारखा होतो."

या एकोणीस वर्षांत प्रयोगशाळेतून एकतीस शोधनिबंध बाहेर पडले. ताईंचं नाव प्रत्येकात होतं, पण कुठे? सगळं संपल्यावर, बारीक अक्षरात, आभाराच्या ओळीत. एका निबंधात तर आधी वातानुकूलन विभागाचे आभार होते आणि मग ताईंचे. बत्तिसावा निबंध मात्र ताईंचा होता. कल्पना त्यांची, उंदीर त्यांनी सांभाळलेले, आकडे त्यांनी काढलेले. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी मोठ्या मनानं, आणि बहुधा घाईत, लेखकांच्या यादीत त्यांचं नाव पहिलं घालून दिलं होतं. पहिलं! ताईंनी ते पान छापून घेतलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं, आणि कोणालाही दाखवलं नाही.

निबंध नियतकालिकाकडे गेला आणि परीक्षकाच्या एका प्रश्नासकट परत आला. प्रश्न समजायला उंदरांबद्दल थोडं सांगायला हवं. ताईंकडे दोन घराण्यांचे उंदीर होते. दोन्ही काळे, दोन्ही चावरे. फरक एवढाच, की त्यांच्या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर जी एक खूण असते ती एका घराण्यात पहिल्या प्रकारची आणि दुसऱ्या घराण्यात दुसऱ्या प्रकारची. हा फरक इतका किरकोळ, की खुद्द उंदरांनाही त्याचा पत्ता नसतो. ताई पहिल्या घराण्यातल्या पेशी दुसऱ्या घराण्यातल्या उंदरांना टोचत, आणि या पाहुण्या पेशी तिसाव्या दिवशी किती उरल्या ते मोजत. परीक्षकाचं म्हणणं असं, की तुम्ही पाहुण्या म्हणून मोजलेल्या पेशी पाहुण्याच कशावरून? घरच्याच नसतील कशावरून? खूण पटवून दाखवा.

प्रश्न रास्त होता. उत्तरही सोपं होतं. पहिल्या प्रकारच्या खुणेला नेमकं जाऊन चिकटणारं आणि यंत्रात चमकणारं प्रतिपिंड विकत मिळतं. ते पेशींवर घालायचं. चमकल्या त्या पाहुण्या, न चमकल्या त्या घरच्या. एक छोटी कुपी. शंभर मायक्रोलिटर.

"मागवून टाका," सर विमानतळावरून म्हणाले. सर नेहमी कुठल्या तरी परिषदेला निघालेले किंवा परिषदेहून येत असलेले असत. "आणि हे बघा ताई, नाही जमलं तर तो भागच गाळू. मग अर्थात नावांचा क्रमही पुन्हा बघावा लागेल."

पर्समधल्या त्या घडीवर ताईंचा हात आपोआप गेला.

मागणीपत्र चार पानांचं होतं. वस्तू टिकाऊ आहे की नाशवंत? वस्तूचं वजन? वस्तू बसवण्यासाठी भिंतीला भोक पाडावं लागेल काय? ताईंनी सगळ्याची उत्तरं खरीखरी लिहिली आणि पत्र घेऊन त्या भांडार विभागात गेल्या. भांडारप्रमुख हे मऊ आवाजाचे, कोणावरही न रागावणारे गृहस्थ. म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नसे.

"सगळं उत्तम भरलंय मॅडम," ते म्हणाले. "फक्त जुनी वस्तू जमा केल्याची पावती नाही."

"जुनी वस्तू नाहीये. हे पहिल्यांदाच मागवतोय."

"जुनी नाही, मग नवीनची गरज कशी निर्माण झाली?"

"संशोधनात नवीन गरजा निर्माण होतात."

"होत असतील, मॅडम," भांडारप्रमुख सहानुभूतीनं म्हणाले. "पण या रकान्यात तशी सोय नाही. मागच्या महिन्यात संचालकांनी खुर्ची मागवली, त्यांनासुद्धा जुनी खुर्ची आणून द्यावी लागली. तोवर बिचारे उभे होते. तुम्ही एखादी जुनी कुपी आणा ना. रिकामी चालेल."

ताई हे तीन दिवस ऐकत राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांनी खणातून एक रिकामी कुपी काढली. मागच्या कुठल्याशा प्रकल्पातली, दिसायला अगदी तशीच, फक्त दुसऱ्या प्रकारच्या खुणेची. हीच ती जुनी वस्तू, असं लिहून त्यांनी सही केली. एकोणीस वर्षांत कागदावर खोटं लिहिण्याची ही पहिलीच वेळ. पण कोण बघतंय, निव्वळ उपचार आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. शिक्का बसला. ताईंनी हिशेब करून बारा उंदरांना पेशी टोचल्या, म्हणजे कुपी येईल आणि लगेच तिसावा दिवस उजाडेल. तिसावा दिवस सोमवारी येत होता. एकतिसाव्या दिवशी मोजलं तर चालत नाही. परीक्षक लोक एकतीस हा आकडा दुरूनही ओळखतात.

कुपी आली शनिवारी, दुपारी सव्वाबाराला, ताईंच्या घरी.

घरी, कारण भांडार विभाग शनिवारी बंद, आणि खोक्यावर फोन नंबर ताईंचा. दारात उभ्या असलेल्या माणसानं छातीशी धरावं लागेल एवढं मोठं थर्माकोलचं खोकं पुढे केलं. ताईंनी सही केली, खोकं रिक्षात घातलं आणि तशाच संस्थेच्या फाटकावर पोचल्या. तिथल्या रखवालदारानं त्यांना एकोणीस वर्षं रोज नमस्कार केला होता. आजही केला.

"आवक पावती?" मग तो म्हणाला.

"पावती भांडारातून मिळते. भांडार बंद आहे."

"मग सोमवारी आणा ताई."

"हे थंडच ठेवावं लागतं. आत आमचा फ्रिज आहे. दोन मिनिटांचं काम आहे."

"तुम्हाला आत सोडतो ना. खोकं इथे ठेवा."

"उन्हात?"

रखवालदारानं विचार केला, खुर्ची थोडी सरकवली आणि दिलदारपणे म्हणाला, "माझ्या सावलीत ठेवा."

ताई खोकं घेऊन घरी आल्या.

अटी तीनच होत्या. कुपी थंड राहिली पाहिजे, दोन ते आठ अंशांत. गोठता कामा नये, गोठली तर त्यातला चमकणारा रंग मेला. आणि उजेड लागता कामा नये, त्यानंही रंग मरतो. ताईंनी मोरीत दिवा न लावता, चाचपूनच, कुपी स्टीलच्या डबीत ठेवली, डबी मिस्टरांच्या काळ्या मोज्यात घातली, मोज्याला गाठ मारली आणि फ्रिजच्या मधल्या फळीवर, लिंबांच्या शेजारी ठेवली.

"माझा मोजा का?" मिस्टरांनी विचारलं.

"काळा आहे म्हणून."

"जोडीचा दुसरा?"

"तो कपाटात आहे."

"मग मी एकच मोजा घालून जाऊ का उद्या बहिणीकडे?" मिस्टरांच्या बहिणीनं नवीन घर घेतलं होतं आणि रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. ताईंनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं.

सासूबाई इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी अगदी सहज विचारलं, "अगं, त्यात उंदराचं काही नाही ना?"

इथे कोणतीही व्यवहारी सून "नाही हो आई" म्हणून मोकळी झाली असती. ताईंना ते जमलं नाही. एका खोट्या सहीचं ओझं मनावर होतंच. "प्रतिपिंड उंदरापासूनच बनवतात, आई. पण अतिशय शुद्ध केलेलं असतं."

सासूबाई पदर सावरून आत आल्या. त्यांनी फ्रिज उघडला आणि दूध बाहेर काढलं. मग लोणी. मग भाज्या, एकेक करून. पंधरा मिनिटांत त्या फ्रिजमध्ये एक मोजा, तीन लिंबं आणि पांढरा उजेड एवढंच उरलं. लिंबं कुपीला लागून होती म्हणून ती गेलीच असं धरण्यात आलं.

ही वार्ता जिन्यातून वर जायला अर्धा तास लागला. वरच्या मजल्यावर राहणारे काका निवृत्त इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यापासून इमारतीतल्या प्रत्येक यंत्राकडे ते आपल्या हाताखालच्या माणसाकडे पाहावं तसं पाहत. ते थर्मामीटर घेऊनच खाली आले.

"घरगुती फ्रिजवर विसंबू नका," ते म्हणाले. "आत किती अंश आहेत, सांगा बरं?"

"चार असतील, काका."

"असतील! विज्ञानात 'असतील' चालतं का?" हे त्यांनी मायक्रोताईंना विचारलं. त्यांनी थर्मामीटर आत ठेवलं, दार लावलं, पाच मिनिटांनी उघडलं आणि मोबाइलचा टॉर्च लावून वाचलं. सहा अंश. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. सात. दार सारखं उघडल्यामुळे आत गरम होतंय, असं ताईंनी नम्रपणे सुचवून पाहिलं.

"तेच तर मोजतोय मी," काका म्हणाले.

ताई कपडे वाळत घालायला गच्चीत गेल्या. त्या परत आल्या तेव्हा काका हात पुसत निघाले होते. "काळजी मिटली. बटण शेवटच्या आकड्यावर करून ठेवलंय. थोडी सुरक्षित बाजू."

सुरक्षित बाजू ताईंच्या लक्षात यायला तासभर गेला. फ्रिज उघडला तेव्हा थर्मामीटर शून्याला टेकत आलं होतं आणि एक लिंबू हातातून सुटून फरशीवर दगडासारखं वाजलं. ताईंनी थंडगार मोजा उचलला, काळोख्या मोरीत जाऊन गाठ सोडली, डबी उघडली, आणि कुपी कानाशी नेऊन हलवली. दोन थेंब वाजतात का कधी? पण ताईंना ते वाजल्यासारखे वाटले. गोठले नव्हते. बहुधा. विज्ञानात बहुधा चालत नाही, हे आता काकांनी सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर ताईंनी फ्रिजवर विश्वास ठेवला नाही. कुपी पुन्हा थर्माकोलच्या खोक्यात गेली, भोवती बर्फाच्या पिशव्या, दर दोन तासांनी बदललेल्या. आणि कुपी खोक्यात म्हटल्यावर रविवारी नणंदेकडे जेवायला जाताना खोकंही बरोबर. मिस्टर रिक्षात म्हणाले, "लोक मुलाबाळांना घेऊन जातात." ताईंनी खिडकी नसलेल्या रिक्षाच्या खिडकीतून बाहेर पाहिलं.

नणंदेच्या दारात ताई वाकून चपला काढत होत्या, तेवढ्यात हातातलं खोकं अलगद निघून गेलं.

"अगं वहिनी, एवढं मोठं काय आणलंस! कशाला उगीच!" म्हणत नणंद ते घेऊन दिवाणखान्यात पोचलीसुद्धा. घरासाठी घेतलेलं खरं भेटीचं पाकीट ताईंच्या घरी, चपलांच्या मांडणीवर राहिलं होतं. ताईंनी "अगं, ते नाही" म्हणेपर्यंत चिकटपट्टी सुटली होती. वीसएक पाहुण्यांसमोर नणंदेनं भेट उघडली. आधी बर्फाच्या पिशव्या निघाल्या. मग पुरुषाचा एक मोजा. नणंद तशी सुसंस्कृत. ती हसू ढळू न देता गाठ सोडत राहिली. मोज्यातून डबी निघाली, डबीतून बोटाच्या पेराएवढी कुपी, आणि कुपीत, कितीही निरखून पाहिलं तरी, काहीच नाही.

"वहिनी, हे... काय आहे गं?"

"अत्तर असणार!" नणंदेचे मिस्टर मदतीला धावले. त्यांनी कुपी घेतली, उलटी केली, खळखळून हलवली आणि झाकणाला नाक लावलं.

"हुंगू नका!" ताई ओरडल्या. ताई ओरडल्या, हीच घरातल्यांना मोठी बातमी होती.

कोचावरून सासूबाईंचा शांत आवाज आला, "उंदराचं आहे ते."

त्यानंतर पंगतीत ताईंच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. एकीवर त्यांनी खोकं ठेवलं.

सोमवारी, तिसाव्या दिवशी, भांडार विभाग उघडायच्या आधी ताई दारात हजर होत्या. आत प्रयोगशाळेत बारा उंदीर त्यांची वाट पाहत होते, म्हणजे खरं तर झोपले होते. भांडारप्रमुखांनी नोंदवही उघडली, चष्मा लावला, कुपी दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात नेली. ताईंनी डोळे मिटून घेतले.

"मॅडम, ही रिकामी आहे."

"रिकामी नाहीये. शंभर मायक्रोलिटर आहे आत."

"मला दिसत नाही."

"काल कोणी तरी ती उलटी करून हलवली. थेंब झाकणात जाऊन बसलेत. प्रयोगशाळेत नेऊन यंत्रात गरगर फिरवलं की खाली येतील."

"नोंद झाल्याशिवाय वस्तू प्रयोगशाळेत नेता येत नाही."

"मग नोंद करा."

"रिकाम्या वस्तूची नोंद करता येत नाही," भांडारप्रमुख खरोखरच वाईट वाटून म्हणाले. "माझ्या मनात असून उपयोग नाही मॅडम. मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नियम आहे."

ताईंनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ झाले होते. बारा उंदरांचं काम उरकायला पूर्ण दिवस लागतो. सगळ्यांना शांतपणे निरोप द्यायचा, प्लीहा काढायची, पेशी मोकळ्या करायच्या, रंग घालायचा, यंत्रातून सोडायच्या. त्यांनी भांडारप्रमुखांच्या हातून कुपी घेऊन डबीत ठेवली, डबी मोज्यात सरकवली, गाठ मारली, पदर कमरेला खोचला. "जरा मागे सरका," त्या म्हणाल्या. आणि मोज्याचं टोक घट्ट धरून त्यांनी तो डोक्याभोवती गरगरा फिरवायला सुरुवात केली.

सूं, सूं, सूं. टेबलावरची मागणीपत्रं उडाली. दोन कारकून भिंतीला चिकटले. एक शिपाई चहाचा ट्रे घेऊन आत आला आणि तसाच मागच्या मागे बाहेर गेला. दारात संचालक कोणाला तरी शोधत आले होते. ते क्षणभर थांबले, आपल्या संस्थेतल्या सर्वांत शांत बाईंकडे पाहिलं, आणि काही न विचारता निघून गेले. ताई मनात मोजत होत्या. साठ फेरे. कमी नाही, जास्त नाही. मग त्यांनी श्वास सावरला, गाठ सोडली आणि कुपी पुढे केली. तळाशी निळसर चमकणारा एक टपोरा थेंब बसला होता.

"आहे बुवा," भांडारप्रमुख हळूच म्हणाले. "नंबर सांगा, लिहून घेतो."

ताईंनी लेबल वाचायला कुपी डोळ्यांजवळ नेली. एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग शेजारची खुर्ची ओढून त्या बसल्या.

लेबलावर दुसरा प्रकार लिहिलेला होता.

"मी पहिला मागवला होता," ताई म्हणाल्या.

भांडारप्रमुखांनी फाईल काढली. त्यांच्याकडे सगळ्याची फाईल असे. "मागणीपत्रात पहिला होता, बरोबर. पण तुम्ही जमा केलेल्या जुन्या कुपीवर दुसरा होता. मागणी आणि नमुना यांत फरक आढळला तर नमुना ग्राह्य धरायचा, असं परिपत्रक आहे. मी स्वतः भिंगानं वाचून नंबर उतरवला, मॅडम. म्हटलं, मॅडमच्या हातून लिहिताना चूक झाली असणार. तुमचं काम अडू नये म्हणून परत विचारायलाही आलो नाही."

फाईलला टाचलेल्या कागदावर ताईंचंच अक्षर होतं: हीच ती जुनी वस्तू. खाली वळणदार सही. अख्ख्या विभागात मन लावून वाचणारा एकच माणूस होता, आणि ताईंनी आयुष्यातलं एकमेव खोटं नेमकं त्याच्याच हातात दिलं होतं.

"नवीन मागवू या का?" भांडारप्रमुखांनी विचारलं. "सहा आठवडे लागतील."

ताई कुपी घेऊन प्रयोगशाळेत आल्या आणि स्टुलावर बसल्या. आतापर्यंत त्यांना दमायला वेळ मिळाला नव्हता. आता तो मिळाला. खांदा भरून आला होता. परीक्षकाची मुदत तीन आठवड्यांत संपत होती. नवे उंदीर, नवी कुपी, नवे तीस दिवस, काहीच त्यात बसत नव्हतं. त्यांनी सरांना फोन लावला.

"दुसरा प्रकार? म्हणजे तो घरच्या पेशींना चिकटणार, पाहुण्यांना नाही," सर म्हणाले. मागे विमानाची घोषणा चालू होती. "मग राहू द्या ताई. गाळू तो भाग. नावांचं आपण मी आल्यावर बघू. मनाला लावून घेऊ नका, तुमचे आभार असतीलच."

फोन बंद झाला. ताई समोरच्या पिंजऱ्याकडे पाहत राहिल्या. बारा काळे उंदीर, सगळे सारखे. घरच्या पेशींना चिकटणार. पाहुण्यांना नाही. घरच्या सगळ्या चमकणार.

सगळ्या.

ताई उठून उभ्या राहिल्या. घरच्या सगळ्या चमकल्या, तर ज्या चमकणार नाहीत त्या कोणाच्या? समोरची पेशी पांढरीच आहे, कचरा नाही, हे दाखवणारा दुसरा रंग त्यांच्याकडे होताच. तो लागला आणि खूण मात्र अंधारात राहिली, की पाहुणी. परीक्षक शंका काढणार, की कुपीच खराब असेल, रंगच मेला असेल, म्हणून अंधार. काकांनी फिरवलेलं बटण आणि नणंदेचा दिवाणखाना आठवून ताईंनी ती शंका स्वतःच आधी काढली. मग घरच्या घराण्यातला एक कोरा, काहीच न टोचलेला उंदीर घ्यायचा. त्याच्या झाडून सगळ्या पेशी चमकल्या, तर कुपी शाबूत. पाहुण्यांच्या घराण्यातला एक कोरा घ्यायचा. त्याची एकही चमकता कामा नये.

त्यांनी हातमोजे चढवले. विद्यार्थ्यांनी जेवणाचा डबा पुढे सरकवला, तो तसाच राहिला. पाच वाजता यंत्राच्या पडद्यावर पहिला कोरा उंदीर उमटला. एकेका पेशीचा एकेक ठिपका, सगळे उजवीकडे, दाटीवाटीनं, चमकत. एकही मागे राहिलेला नाही. कुपी जिवंत होती! दुसरा कोरा उंदीर आला, सगळे ठिपके डावीकडे. मग बारातला पहिला. उजवीकडे मोठा ढीग, आणि डावीकडे, अंधाराच्या बाजूला, स्वच्छ वेगळा पडलेला एक छोटासा पुंजका. सात टक्के. दुसऱ्यात सव्वासात. बाराच्या बारांत पाहुणे होते, तिसाव्या दिवशीसुद्धा, आणि मूळ निबंधातल्या आकड्याला धरून होते.

सहा वाजता सर दुसऱ्या कुठल्या तरी विमानतळावर उतरले आणि ताईंनी पाठवलेली चित्रं पाहून त्यांनी स्वतःहून फोन केला.

"वा! ताई, हे तर अधिक चांगलं झालं. उत्तराचा मसुदा आत्ताच करून टाकू, मी सांगतो, तुम्ही लिहा. 'परीक्षकांच्या सूचनेवर सखोल विचार करून आम्ही मुद्दाम दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड निवडलं...' लिहिलंत?"

ताईंनी "मुद्दाम"पर्यंत टाइप केलं होतं. तिथे बोट थांबलं. त्यांनी ते वाक्य मागून पुढे, एकेक अक्षर करत खोडलं आणि नवीन लिहिलं. मग ते फोनवर वाचून दाखवलं, "'मागणी करताना माझ्याकडून चूक झाल्यामुळे दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड आलं. तेच वापरून पुढील पद्धतीनं मोजणी केली. पद्धतीच्या मर्यादा खाली दिल्या आहेत.'"

पलीकडे सामानाचा पट्टा फिरल्याचा आवाज येत राहिला. "असं कोणी लिहितं का, ताई?"

"पहिलं नाव माझंच आहे ना, सर?"

"हो... म्हणजे, हो. आता आहेच."

"मग पहिलं वाक्यही माझंच राहू द्या."

"बरं," सर म्हणाले. "पण तो 'माझ्याकडून' काढून 'आमच्याकडून' करा. प्रमुख मी आहे."

ताईंनी तेवढी दुरुस्ती केली आणि उत्तर पाठवून दिलं. पेशी मोजायचं यंत्र बंद केलं की ते धुऊन थंड व्हायला वीस मिनिटं घेतं, आणि तोवर कोणी तरी जवळ थांबावं लागतं. एरवी हे काम त्या विद्यार्थ्यांवर सोपवत. आज त्यांनी विद्यार्थ्यांना घरी धाडलं, चपला काढून पाय समोरच्या स्टुलावर ठेवले, आणि वीस मिनिटं, अगदी मोजून, काहीही केलं नाही.